यंत्राचे लिखाण आणि आपली सही

(वर्षावासातील रविवारच्या अभ्यासवर्गात, कात्रज येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांस ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आजचा तरुण’ असा विषय दिला होता. विषय मोठा आणि आमची तयारी लहान. आम्ही मराठी घेऊन बी. ए. झालो, संगणकाचे शास्त्र आम्हांस येत नाही. बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांचे अर्ज वाचणे मात्र गेली वीस-बावीस वर्षे चालू आहे. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने विषय आखूड केला आहे. मोबाईलवरच्या यंत्राकडून लिहून घेतलेले मराठी वाचणाऱ्याला आपले का वाटत नाही, त्याच्यावर विश्वास का बसत नाही, आणि तो बसायचा असेल तर काय करावे लागते, एवढेच आज बोलू.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अकरावी-बारावीतला एक मुलगा आजीला घेऊन काउंटरवर आला. आजींच्या खात्याची केवायसी राहिली होती आणि त्यामुळे निराधार योजनेचे पैसे अडकले होते. मुलाने छापील अर्ज पुढे केला, चांगला दीड पानांचा. सुरुवात अशी, की हे पत्र आपणांस उत्तम आरोग्यात सापडेल अशी आशा आहे. आता पत्र आम्हांला सापडायचे की आम्ही पत्राला, हे आम्हांला कळेना. पुढे आर्थिक सक्षमीकरणात बँकेने बजावलेल्या महत्त्वपूर्ण भूमिकेचा गौरव होता. ज्येष्ठ नागरिक समाजाचे आधारस्तंभ असल्याबद्दल एक परिच्छेद होता. शेवटी सकारात्मक प्रतिसादाची अपेक्षा होती. खाते क्रमांक नव्हता. पैसे कोणत्या महिन्यापासून बंद आहेत ते नव्हते. आजींचे नावसुद्धा अर्जाच्या शेवटी, कंसात.

आम्ही विचारले, “बाळा, झालंय काय?” तो एका दमात म्हणाला, “जूनपासून पैसे नाही आले. आजीचा अंगठा मशीनवर उमटत नाही. बांधकामावर सिमेंट कालवून रेषा गेल्यात तिच्या.”

आम्ही तोच कागद उलटा केला, पेन दिले आणि म्हटले, हेच लिही. तीन ओळी झाल्या. खाली खाते क्रमांक, आणि मशीनने न ओळखलेला तोच अंगठा शाईत बुडवून. लागणारी कागदपत्रे जोडली आणि प्रकरण पुढे गेले.

मुलाला आम्ही दोष देत नाही. मोठ्या जागी जाताना चांगले कपडे घालावेत तसे त्याने भारी शब्द घातले होते. आपल्या वडिलांच्या पिढीनेही हेच केले आहे. तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर मांडून बसलेला अर्ज लिहिणारा आठवा. तोही ठराविकच भाषा लिहायचा. ‘अर्जदार नम्रपणे सादर करतो की’ यापुढे त्याची गाडी सुरू व्हायची. परंतु टाइप करण्याआधी तो विचारायचा. नाव काय? गाव? गट नंबर? कधीची गोष्ट? रक्कम किती? सांगितले नाही तर खेकसायचा. मोबाईलवरचे यंत्र खेकसत नाही आणि पुष्कळदा विचारतही नाही. काहीच सांगितले नाही तरी दीड पान देते. आमच्या मते सगळी गोम इथे आहे.

हे यंत्र लिहिते कसे, ते आमच्या समजुतीप्रमाणे सांगतो. अमेरिकेतील ओपनएआय या कंपनीने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले केले. मग गूगलचे जेमिनी आणि इतर आली. या यंत्रांना अफाट मजकूर वाचायला घातलेला असतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा हिशेब त्यातून त्यांच्यात मुरतो आणि त्या हिशेबाने ती एकेक तुकडा पुढे जोडत जातात. खरे काय याची खातेवही त्यांच्यापाशी नसते. शोभेल काय, याची असते. अलीकडे ती इंटरनेटवर शोधूनही आणतात, पण शोधून आणलेले कुठे संपले आणि जोडलेले कुठे सुरू झाले, ती शिवण वरून दिसत नाही.

त्यात मराठीची अडचण निराळी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. परंतु इंटरनेटवरच्या इंग्रजी मजकुराच्या ढिगापुढे मराठी मजकूर चिमूटभर. म्हणून यंत्राचे शब्द मराठी असले तरी बसण्याउठण्याची रीत इंग्रजी राहते. ‘केवळ अमुक नव्हे तर तमुकही’, ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’, विशेषणे नेहमी तीन, परिच्छेद सगळे एका उंचीचे आणि प्रत्येकाच्या शेवटी बोध. मधूनच ‘सुनिश्चित करणे’, ‘प्रदान करणे’ असे हिंदी सरकारी पाहुणे. आपल्या वस्तीतली निम्मी घरे १९७२ च्या दुष्काळानंतर सोलापूर, लातूर, उस्मानाबादकडून, म्हणजे आताच्या धाराशिवकडून आलेली. त्या घरांतले मराठी या यंत्राने फारसे ऐकलेलेच नाही. कसे ऐकणार? ते छापलेच कुठे गेले?

असो. भाषेचे हे दोष वरवरचे आहेत आणि यंत्रे सुधारतील तसे ते कमी होतील; दोन वर्षांपूर्वीपेक्षा आज बरेच कमी झालेही आहेत. दुसरा दोष मात्र भाषा सुधारून जात नाही. तो सांगण्यासाठी एक उदाहरण घेतो.

मार्चमध्ये महाडच्या सत्याग्रह दिनाला आपल्या मुलांनी भाषणे केली. त्यांतली तीन यंत्राची होती, हे आम्हांला तिथेच कळले. कसे कळले? महाडचे नाव आणि साल झाकले, तर ते भाषण कोणत्याही थोर पुरुषाच्या कोणत्याही जयंतीला चालले असते. द्रष्टे नेते, महान विचारवंत, समतेचे प्रतीक. मित्रांनो, महाडची हकीकत अशी झाकता येत नाही. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. त्याला धरून महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदोपत्री खुले केले होते, तरीही कोणी पाण्याला हात लावू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. पुढे तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतल्या गेल्या. खटला चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. पाणी प्यायचा हक्क कागदावर येऊनही त्यानंतर चौदा वर्षे. ‘समतेचे प्रतीक’ या दोन शब्दांत ही चौदा वर्षे आणि त्या घागरी कुठे मावणार? यंत्राला विचारले असते तर त्याने ही माहितीही दिली असती. कोणी विचारले नाही. ‘महाडवर सुंदर भाषण दे’ एवढेच सांगितले गेले, आणि सुंदर भाषण मिळाले.

इथे विद्यार्थी आम्हांला एक प्रश्न नेहमी विचारतात आणि हसून विचारतात. “काका, यंत्राने लिहिलेलं ओळखू येऊ नये म्हणून काय करायचं?” त्यासाठीसुद्धा यंत्रे निघाली आहेत म्हणे. यंत्राचा मजकूर टाकला की तो माणसाने लिहिल्यासारखा करून देतात. मुद्दाम वाक्ये आखूड-लांब करतात, एखादी चूक पेरतात. हा मार्ग आम्ही सांगणार नाही. रिकाम्या पाकिटाला चुरगळले म्हणून त्यात नोटा येत नाहीत.

परंतु ओळखण्याच्या या नादाची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या मुलांना जास्त बोचणारी आहे. आपल्या अभ्यासवर्गातल्या बारावीच्या एका मुलीने निबंध लिहिला. भाषा स्वच्छ, मांडणी चांगली. वर्गात तिला सांगण्यात आले, “हे तुझं नाही, मशीनचं आहे.” ती रडत विहारात आली. ‘हे तू लिहिलंस?’ हा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही, मित्रांनो. यंत्र नव्हते तेव्हाही विचारला जायचा, तेव्हा कोणाकडून लिहून घेतले एवढेच विचारायचे. आता संशयाला नवे कारण मिळाले.

यंत्राचे लिखाण पकडणारी यंत्रे किती भरवशाची, तेही ऐका. ओपनएआयने स्वतःच असे एक यंत्र काढले होते. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये ते बंद केले. त्याच साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा लोकांनी इंग्रजीच्या परीक्षेत लिहिलेले ९१ निबंध अशा सात यंत्रांना दाखवले. माणसांनी लिहिलेले हे निबंध यंत्रांनी सरासरी निम्म्याहून अधिक वेळा यंत्राचे ठरवले. म्हणजे ज्याची शब्दसंपत्ती साधी, जो बेताने लिहितो, तोच चोर ठरायचा.

त्या मुलीला वाचवले कोणी? तिच्या कच्च्या वहीने. निबंध आधी तिने वहीत लिहिला होता, खोडला होता, समासात ‘हे आईला विचारायचं’ असे लिहिले होते. ती वही घेऊन आई शाळेत गेली आणि विषय मिटला. म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे, कच्ची वही टाकू नका. यंत्राची मदत घेतली असली तरी त्याच्याआधी काय लिहिले होते ते जपून ठेवा.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. आतापर्यंत मुलांच्याच सांगितल्या.

दोन वर्षांपूर्वीच्या भीमजयंतीचे पत्रक करण्याचे काम आमच्याकडे होते. वेळ थोडा होता. महिलांच्या शिक्षणावर बाबासाहेबांचे एखादे वचन हवे म्हणून आम्ही मोबाईलवर विचारले. फार सुरेख वाक्य आले, अवतरण चिन्हांसकट. आम्ही ते ठळक अक्षरांत टाकले आणि आठशे पत्रके छापली. जयंतीच्या संध्याकाळी एस. टी.तून निवृत्त झालेले आपले एक ज्येष्ठ सभासद पत्रक घेऊन आले. त्यांनी एवढेच विचारले, “कोणता खंड? कोणतं पान?”

आम्ही घरी जाऊन यंत्राला विचारले. त्याने तत्काळ खंड सांगितला, भाग सांगितला, पृष्ठ क्रमांक सांगितला. दुसऱ्या दिवशी विहाराच्या कपाटातून तो खंड काढला. त्या पानावर वेगळाच मजकूर. यंत्राला तसे कळवले, तर त्याने नम्रपणे क्षमा मागितली आणि दुसरे पान दिले. तेही चुकीचे. तिसऱ्या वेळी म्हणाले की हे वाक्य सर्वसाधारणपणे बाबासाहेबांच्या नावे सांगितले जाते. सांगणारे कोण? तर आता आम्हीही, आठशे पत्रकांसह. तीन रविवार आम्ही आणि ते ज्येष्ठ सभासद समोरासमोर बसून खंड चाळत होतो. वाक्य सापडले नाही. पौर्णिमेच्या कार्यक्रमात आम्ही उभे राहून चूक कबूल केली, फळ्यावर दुरुस्ती लावली. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या एका वस्तीच्या फ्लेक्सवर तेच वाक्य बाबासाहेबांच्या फोटोखाली आम्हांला दिसले. आमच्या पत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवरून तिथवर गेला होता.

हे आम्हांला का लागले ते सांगतो. बाबासाहेबांचे शब्द आपल्याला फुकट मिळालेले नाहीत. महापरिनिर्वाणानंतर त्यांची हस्तलिखिते कित्येक वर्षे पेट्यांमध्ये पडून होती. महाराष्ट्र शासनाने खंड काढायचे ठरवले आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड निघाला तो १९७९ साली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांना छापील पाहताच आला नाही, तो १९५७ मध्ये निघाला. त्यांची मराठी भाषणे अठराव्या खंडाच्या तीन भागांत एकत्र मिळायला २००२ उजाडले. एकेक कागद वाचून, जुळवून जे शब्द उभे केले गेले, त्यांच्या रांगेत आम्ही दोन मिनिटांत एक बनावट वाक्य उभे करून आलो. विरोधकांनी बाबासाहेबांच्या तोंडी खोटे घातले तर आपण मोर्चा काढू. आम्ही घातले, आणि लोकांनी वाक्य छान आहे म्हणून आमची पाठ थोपटली.

दोष केवळ यंत्राचा आहे असेही नाही. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी दिलेला तीन शब्दांचा संदेश आपल्या प्रत्येक फलकावर आहे. इंग्रजीत जो पाठ प्रसिद्ध आहे त्यात शिक्षणानंतर चळवळीचा शब्द येतो आणि संघटनेचा शेवटी. आपल्या मराठी फलकांवर संघटना मधे आणि संघर्ष शेवटी. क्रम बदलला की अर्थही थोडा सरकतो. हा बदल माणसांनी केला, यंत्र जन्मायच्या आधी. हे आम्हांला त्याच एस. टी.तल्या काकांनी दाखवले. आणि आता यंत्र आपल्याच फलकांवरून शिकते.

वकिलांनी आणि सरकारी खात्यांनीही हेच केले आहे. न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले निवाडे न्यायालयात सादर केले; जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना ५,००० डॉलर दंड केला. लांब कशाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने दिलेल्या उत्तरावर डोळे मिटून विसंबू नका, आधी पडताळा, असे न्यायालयाने बजावले.

पडताळा. हा शब्द ऐकला की आम्हांला भोगनगर आठवते. महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्धांच्या अखेरच्या प्रवासातला प्रसंग आहे. भोगनगरच्या आनंद चैत्यात त्यांनी भिक्खूंना चार महापदेस सांगितले. कोणी येऊन म्हणेल, हे मी स्वतः भगवंतांच्या तोंडून ऐकले. कोणी म्हणेल, अमुक ठिकाणच्या संघाकडून ऐकले. कोणी म्हणेल, पुष्कळ विद्वान थेरांकडून ऐकले, कोणी म्हणेल एका थेराकडून. अशा वेळी लगेच मान डोलवू नका आणि लगेच झिडकारूही नका. ते शब्द नीट ध्यानात घ्या, सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहा. जुळले तर स्वीकारा. न जुळले तर हे भगवंतांचे वचन नव्हे, ऐकणाऱ्याने चुकीचे घेतले, असे समजून सोडून द्या. दोन हजार पाचशे वर्षांपूर्वीची ही पद्धत आणि एस. टी.तल्या काकांचा ‘कोणता खंड, कोणतं पान’ हा प्रश्न, यांत आम्हांला फरक दिसत नाही.

तेव्हा लिखाण नव्हते. भाणक नावाचे भिक्खू सुत्ते पाठ करून ठेवीत. सिंहलद्वीपात ती लेखी उतरली इ. स. पूर्व पहिल्या शतकात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी या मुद्द्यावर स्वतंत्र विवेचन केले आहे. बुद्ध हयात असतानाच त्यांच्या नावावर चुकीची वचने फिरत होती, याची पाच उदाहरणे त्यांनी सुत्तांची नावे देऊन दिली: अलगद्दूपम, महाकम्मविभंग, कण्णकत्थल, महातण्हासंखय आणि जीवक सुत्त. मग बुद्धवचन कोणते हे ओळखण्याच्या कसोट्या दिल्या. बुद्धीला आणि तर्काला धरून नाही, मानवाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही, ते बुद्धांच्या नावावर घेऊ नये. आपल्या मुक्तिदात्याने ज्या ग्रंथात हे शिकवले तोच ग्रंथ आपण वर्षावासात वाचतो. वाचून उठतो आणि व्हॉट्सॲपवर आलेले वचन पुढे पाठवतो.

केसपुत्ताच्या कालामांना केलेला उपदेश सर्वांना माहीत आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, एवढे आपण नेहमी सांगतो. त्या यादीतले एक कारण आपण घाईत सोडून देतो: भब्बरूपता. बोलणारा भारदस्त, जाणकार वाटतो म्हणून मानू नका. यंत्राचे सगळे बळ या भब्बरूपतेत आहे. ते अडखळत नाही, ‘मला वाटतं’ म्हणत नाही, पृष्ठ क्रमांक देतानाही त्याचा आवाज हलत नाही. आणि आपण, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या भारदस्त बोलणाऱ्यांनीच फसवले, त्या आवाजापुढे पुन्हा मान खाली घालतो.

मग यंत्र वापरायचेच नाही का? आम्ही वापरतो. शासन निर्णयाचे तीन पानी वाक्य सोपे करून घ्यायला त्याच्यासारखा मदतनीस नाही. फक्त तारीख, रक्कम आणि अट मूळ कागदावर बोट ठेवून तपासावी. शुद्धलेखन, इंग्रजी पत्राचे मराठी, लांबलेला मजकूर आखूड करणे, ही कामे ते चांगली करते. ज्यांना अर्ज लिहून द्यायला घरात कोणी नाही, त्यांच्यासाठी तर ते मोठा आधार आहे. एक सूचना बँकेतला माणूस म्हणून करतो: आधार क्रमांक, खाते क्रमांक, ओटीपी यंत्रात टाकू नका. तिथे जागा मोकळी सोडा आणि नंतर हाताने भरा.

आमचा अनुभव असा, की आधी माणसाचे ऐकावे आणि मग यंत्राकडे जावे. आपल्या इथला एक मुलगा राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या तयारीत आहे. परदेशी विद्यापीठाला पाठवायचे निवेदन त्याने यंत्राकडून करून आणले. लहानपणापासून शहर नियोजनाची आवड, जागतिक दृष्टिकोन, नावीन्याचा ध्यास. आम्ही म्हटले, हे ठेव बाजूला. तुला हा विषय का घ्यावासा वाटला? तो बराच वेळ गप्प बसला. मग सांगू लागला. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आपल्या तलावाकडून निघून पद्मावती, अरण्येश्वर करीत दत्तवाडीकडे जाणारा आंबिल ओढा त्या रात्री घराघरांत शिरला. वीसहून अधिक माणसे शहरात आणि आसपास गेली. त्याचे घर अरण्येश्वरजवळ होते. पाणी छातीपर्यंत आले. वडिलांनी धाकट्या बहिणीला खांद्यावर घेतले आणि याने दाखल्यांची पिशवी डोक्यावर धरली. तरी जातीचा दाखला भिजलाच. तो त्याने चार दिवस पंख्याखाली वाळवला. ओढ्याचे पात्र कोणी अरुंद केले, भिंती कुठे बांधल्या गेल्या, हे तो तेव्हापासून पाहतो आहे.

आम्ही विचारले, हे यंत्राला का नाही सांगितलेस? तो म्हणाला, “त्यांना असलं चालत नसेल असं वाटलं.”

१९२१ साली बाबासाहेबांनी लंडनहून छत्रपती शाहू महाराजांना पैशासाठी पत्र लिहिले. दोनशे पौंड हवेत. दान नव्हे, कर्ज म्हणून. परत आल्यावर व्याजासह फेडीन. रक्कम आहे, अट आहे, शब्द दिलेला आहे. आम्ही ते त्या मुलाला वाचायला दिले. त्याने घरी बसून पुराची रात्र स्वतःच्या वहीत मराठीत लिहिली, वडिलांना वाचून दाखवली. वडील टेम्पो चालवतात. त्यांनी दोन ठिकाणी अडवले: पाणी आधी मागच्या दाराने आले, आणि वेळ अकराची नाही, साडेदहाची. तेवढे दुरुस्त करून मग त्याने यंत्राकडून इंग्रजी करून घेतले, आणि यंत्राने घातलेली ‘लवचिकता’ आणि ‘प्रेरणादायी प्रवास’ काढून टाकले. आता ते निवेदन वाचताना कोणी विचारत नाही की हे कोणी लिहिले. शिष्यवृत्तीचा निकाल अजून यायचा आहे.

घरातल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवणे ही आम्हांला सापडलेली सर्वांत चांगली तपासणी. आजीसमोर ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावली’ असे वाचताना जीभच अडखळते. आणि चुकीची वेळ, चुकीचे दार, हे घरचेच पकडतात. यंत्र पकडू शकत नाही, कारण ते त्या रात्री तिथे नव्हते.

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने जे ठरवले आहे ते सांगून थांबतो. लेखासोबत कच्चा मजकूर द्यावा, मोबाईलवरचा असला तरी चालेल. यंत्राची मदत घेतली असल्यास लेखाखाली तशी एक ओळ लिहावी. त्यात कमीपणा मानू नये, आम्हीही या व्याख्यानाचे शुद्धलेखन तसे तपासून घेतले आहे. बाबासाहेबांचे किंवा तथागतांचे वचन दिल्यास खंड, भाग आणि पृष्ठ द्यावे, आणि ते पान स्वतः उघडून पाहिलेले असावे. पान सापडले नाही तर वचन काढून टाकावे, कितीही सुरेख असले तरी. पडताळणीसाठी दर रविवारी सकाळी दहा ते बारा विहाराचे कपाट उघडे राहील, किल्ली एस. टी.तल्या काकांकडे आहे.

एक शेवटची विनंती. अठराव्या खंडाचा दुसरा भाग कपाटात नाही. रजिस्टरमध्ये नोंद नाही. ज्यांनी वाचायला नेला असेल त्यांनी येत्या पौर्णिमेपर्यंत कृपया आणून द्यावा. नाव विचारले जाणार नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.